वॉल्टरचा पाय

७ जानेवारी
ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने उपसून कंबर कामातून गेली. तशीच शूटला. डायरेक्टर डेव्हची डॉक्युमेंटरी: ब्लूग्रास, जुनं कंट्री असलं अमेरिकन लोकसंगीत वाजवणारी म्हातारी मंडळी, शेवटी त्यांची कॉन्सर्ट. एडिटिंग माझ्याकडे. चर्चच्या बेसमेंटमध्ये गोल बसून वाजवतात. ज्याने धून सुरू केली त्यानेच शेवटच्या फेरीला एक पाय उचलायचा, की सगळे एकदम थांबतात. दुसऱ्याने थांबवायचं नाही, हा रिवाज. बँजोवाला वॉल्टर, ऐंशीच्या पुढचा, बूट असा ऐटीत उचलतो की मला हसूच आलं.

२६ जानेवारी
आज वॉल्टरचा पाय उठलाच नाही. धून चालूच. बाकीचे एकमेकांकडे बघत वाजवत राहिले. शेवटी त्याची बायको जीन उठली, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा थांबला. कॉफी पिताना मला म्हणाली, "वाजवायला विसरत नाही गं पोरी. थांबायला विसरतो." डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय. कॉन्सर्ट मार्चात. तेवढी एक धून त्याने स्वतः संपवावी, एवढंच तिला हवंय. पुढचं काही मागतच नाही बाई.

९ फेब्रु.
जीन घरी रोज सराव घेते. "पाय, वॉल्टर, पाय." आज माझ्यासमोर उचलला, पण धून सुरू व्हायच्या आधीच. दोघं खूप हसले. मीही. मग गाडीत बसून रडले.
समीर जेवताना: "अगं, एवढं काय टेन्शन घेतेस? एडिटमध्ये फिक्स कर. जुन्या फुटेजमधला पाय लाव."
नवरा सॉफ्टवेअरमधला, त्याच्याकडे सगळ्याला पॅच. भांडी जरा जोरात घासली.

२ मार्च
कॉन्सर्ट. वॉल्टरचा हात काय चालला होता! जीन पहिल्या रांगेत, स्वतःचाच पाय वर धरून. त्याला दिसावा म्हणून. त्याने पाहिलं. गोड हसला. वाजवत राहिला. त्याची धून, त्यामुळे कुणीच थांबेना. फिडलवालीचं मनगट भरून आलं, तरी वाजवत होती. शेवटी डेव्हने स्टेजचे लाइट हळूहळू मालवले. लोक उभे राहून टाळ्या. जीनचा पाय अजून तसाच.

११ मार्च
जानेवारीतला पाय लावून पाहिला. बूट तेच, अगदी चपखल बसला. कुणाला कळणार नाही. डेव्ह खूश. मला बघवेना.

२० एप्रिल
वॉल्टरला केअर होममध्ये ठेवलंय. बँजो घरीच. शुक्रवारी फायनल कट द्यायचाय, म्हणून जीनला विचारायला गेले, कुठला शेवट ठेवू? म्हणाली, "आधी खरा दाखव. त्यालाही."
होममध्ये त्याच्या खोलीत लॅपटॉप उघडला. बराच वेळ छान बघत होता, बोटं पांघरुणावर चाललेली. मग चुळबुळ.
"कोण आहे हा?"
जीन म्हणाली, "चांगला वाजवतो, नाही?"
"वाजवतो चांगला. पण त्याला कुणीतरी सांगा ना, पाय उचल म्हणून. बाकीचे दमलेत बिचारे."
मी लॅपटॉप बंद करायला गेले. जीनने माझा हात धरला. धून चालूच होती.