मधलं मॉडेल

४ नोव्हेंबर, मंगळवार
अमरावतीत जुन्या मोटारसायकलींच्या माझ्या दुकानाचं शटर वर करायच्या आत ताईचा फोन, अचलपूरहून. भाऊजींच्या गाडीनं उलटी किक मारली. गुडघा सुजला. तरी परतवाड्याच्या बाजाराला गेलेच, दोन्ही अंगांना मेथीची आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, पोती बांधून. शेजाऱ्याकडून किक मारून घेतली आणि माल उतरेपर्यंत गाडी बंदच केली नाही म्हणे.

भाचा नीलेश अकोल्याहून मागे लागला आहे. गाडी विका, वावर मक्त्यानं द्या, दोघं इकडे राहायला या. वावर सापन नदीच्या अंगाला, घरापासून लांब. गाडी गेली की वावर गेलं, आणि वावर गेलं की अकोल्याचा तिसरा मजला. भाऊजींना हे कोणी सांगायला नको.

ताई म्हणाली, "तू काहीतरी कर वसंता. तुह्यं ऐकतेत ते."

काहीतरी म्हणजे काय, ते बोलली नाही. मी माझ्या धंद्याप्रमाणे अर्थ काढला. किक झेपत नाही तर सेल्फची गाडी. एवढं तर माझ्या हातातलं.

५ नोव्हेंबर, बुधवार
ती जुनी गाडी त्यांना मीच दिलेली. तेव्हा दुकान कुठलं, दुसऱ्याच्या गॅरेजात गाड्या धूत होतो. आयुष्यातला पहिला सौदा. भाऊजींनी चाकसुद्धा फिरवून पाहिलं नव्हतं. "तू म्हणतं चांगली हाय, तं चांगली हाय." त्यानंतर इतक्या गाड्या हातातून गेल्या, असं गिऱ्हाईक पुन्हा मिळालं नाही.

आज दिवसभर तेच डोक्यात. टाकीवर नाव एकच, पण जुनी नि नवी दोन वेगळ्या जाती. जुनी किकवर, थंडीत रुसणारी, चोक ओढून लाड करावे लागतात. पेट्रोल संपत आलं की खोकते, मग खाली हात घालून रिझर्व फिरवायचं. पत्रा जाड. नव्या गाडीत कार्बोरेटरच नाही, पेट्रोल किती सोडायचं ते मशीन ठरवतं. बटण दाबलं की सुरू. ॲव्हरेज बरा, पत्रा पातळ, आवाज जवळजवळ नाहीच. जुन्या गाडीचं दुखणं मी रस्त्यापलीकडून ऐकून सांगतो. नवीला वायर जोडून विचारावं लागतं.

गिऱ्हाईक म्हणतं, पहिल्यासारखी राहिली नाही हो गाडी. मी म्हणतो, तुम्ही तरी कुठं राहिले. हसतात आणि नवीच नेतात.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
भाऊजी एसटीनं आले. लंगडत. पिशवीत वांगी. दुकानाच्या आवारात चार गाड्या सुरू करून दाखवल्या. प्रत्येकीच्या टाकीवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहिले, डॉक्टर पोरांच्या कपाळाला हात लावतो तसे. आमचा सलीम मिस्त्री मला म्हणाला, "बुढ्ढा पारखी हाय भौ." मलाही तसंच वाटलं.

मी बोलत होतो तेव्हा सारखे माझ्या तोंडाकडे पाहत होते. वाटलं, मान देतात.

शेवटी म्हणाले, तूच ठरव. मी नवी ठरवली. दोन वर्षं वापरलेली, एका हाताची, आवाज नाही की धूर नाही. दुकानातली सगळ्यात सरस गाडी.

९ नोव्हेंबर, रविवार
स्वतः चालवत अचलपूरला नेली. गाडी लोण्यासारखी. हातात काही आहे असं वाटत नव्हतं.

ताईनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. भाऊजींनी बटण दाबलं, सुरू झाली, गल्लीत एक फेरी मारून आले. दारात उभे राहिले आणि चालू गाडीवर पुन्हा बटण दाबलं. कर्रर्र. दात घासले गेले आतले. अंगावर काटा आला माझ्या. म्हटलं, भाऊजी, चालूच आहे. हसले. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

नवीन आहे, होईल सवय.

१२ नोव्हेंबर, बुधवार
ताईचा फोन. गाडी दगा देते म्हणे. भाऊजी गेर टाकतात, मूठ पिळतात, गाडी जागची हलत नाही. परतवाड्याच्या मिस्त्रीला दाखवली, त्याला काही सापडलं नाही. मला फोनवरच समजलं. साइड स्टँड खाली असताना गेर टाकला की नवी आपोआप बंद पडते. ते सांगितलं.

फोन ठेवल्यावर मात्र डोक्यात एकच घोळत राहिलं. बंद पडलेल्या गाडीची मूठ माणूस कशाला पिळेल? आणि चालू गाडीचं बटण कशाला दाबेल?

१६ नोव्हेंबर, रविवार
लिहायला जड जातं आहे.

भाऊजींच्या मागे बसून वावरात गेलो. परतवाडा रोडला ट्रक मागे लागला. हॉर्नवर हॉर्न. माझे कान फाटले, यांची मान हलली नाही. आरशात ट्रक दिसला तेव्हा शांतपणे बाजूला घेतली.

वावरात ते मेथी खुडत बसले. मी मागे उभा राहून हाक मारली. मग मोठ्यानं. बांधापलीकडच्या कुत्र्यानं मान वर केली, भाऊजींनी नाही. हातातली जुडी बांधून मागे वळले तेव्हा मी दिसलो. माझा चेहरा पाहिला आणि जुडी खाली ठेवली.

"तुले समजलं," म्हणाले.

डावा कान केव्हाच गेलेला. उजवा दोन उन्हाळ्यांपासून. समोरून बोललं तर ओठांवरून समजतं, बाकी अंदाज. "मानसं रोज तेच तेच बोलतेत वसंता. नवीन काय बोलून राहिलं कोनी?" भजनात खंजिरी वाजवत होते, ती गुडघ्याचं निमित्त सांगून सोडली. बाजारात हर्रासाला उभे राहत नाहीत, एकाच अडत्याला माल टाकतात, कारण बोली ऐकू येत नाही.

मी विचारलं, गाडी कशी चालवत होते मग?

"जुनी मले सांगे. मांडीले सांगे, तळपायले सांगे. आता गेर टाक, आता बंद पडून राहिली. थे थरथरली का मले समजे." मग नवीकडे बोट केलं. "बहिऱ्याले मुकी गाडी देल्ली तू."

हसत म्हणाले. मला हसता आलं नाही.

निघताना खांद्यावर हात ठेवला. नीलेशला सांगू नको, ताईलाही नको. तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवतील. तिथं ना माती ना माणूस. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
झोप नीट नाही.

सांगितलं तर भाऊजींचे पाय तोडल्यासारखं. नाही सांगितलं आणि उद्या एखाद्या ट्रकनं... किंवा यांच्याच चाकाखाली एखादं लेकरू. किल्ली मी दिलेली असणार.

धंद्याचं डोकं मात्र थांबत नाही. दुपारी एकदम सुचलं, मधलं मॉडेल. जुन्याच्या नंतरचं, नव्याच्या आधीचं. सेल्फ आहे आणि कार्बोरेटरही आहे. बटणावर सुरू होतं आणि थरथरतं. गुडघाही वाचतो, मांडीलाही समजतं. थोडेच दिवस निघालं होतं ते. कोणाकडे असेल?

२३ नोव्हेंबर, रविवार
मोर्शीला सापडलं, एका संत्राबागवाल्याकडे. फूटरेस्टचं रबर झिजून लोखंड उघडं पडलेलं, त्यामुळे पाय ठेवला की मुंग्या येतात. सलीम नवीन रबर घालायला बसला. म्हटलं राहू दे. हँडलची थरथर कमी करतो म्हणाला. तीही राहू दे.

"काहून भौ? असी गाडी तं तुमी गेटातून आत घेत नाई."

खरं आहे. जन्मभर थरथर काढून गाड्या विकल्या. ही थरथरीसाठीच घेतली.

इतकी हुशारी केली, पण ट्रकचा हॉर्न काही मांडीला ऐकू येणार नाही. ते मला माहीत आहे. माहीत असूनही दिवसभर खुशीत होतो, याचंच वाईट वाटतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
कामानं अकोल्याला. नीलेशकडे जेवलो. चांगला पोरगा. बापासाठी खोली रंगवून ठेवली आहे, खिडकीत कुंड्या मांडल्या आहेत. कुंडीत सांभार लावलेला. पाहवलं नाही.

मधेच विचारलं त्यानं, "मामा, बाबा फोनवर काहून नाई बोलत? आईच बोलते नेहमी."

"त्यायले फोनचा कंटाळा," मी म्हटलं. गाडी विकताना जीभ चालते तशी चालली.

तिथून निघालो आणि कानाच्या मशिनीच्या दुकानात शिरलो. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, कोणासाठी? घरच्या माणसासाठी. म्हणाली, तपासल्याशिवाय काहीच सांगता येत नाही, त्यांना घेऊन या. ९ डिसेंबरची, मंगळवारची वेळ लावून ठेवली. आपण इंजिनात बोट घालून सांगतो तसं तिनंही सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

३० नोव्हेंबर, रविवार
मधली गाडी घेऊन अचलपूर. भाऊजी ओट्यावर. समोर बसलो आणि हळूहळू, ओठ हलवून सांगितलं. आधी अकोल्याला कान दाखवायचा, मग गाडीची किल्ली.

पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला माझ्यावर. "तू माह्यासंगं सौदा करून राहिला?"

हो म्हटलं. मला तेवढंच येतं.

मग बोलले. मोझरीच्या आश्रमात, भजनाच्या शिबिरात एकदा कोणाची तरी मशीन कानात घालून पाहिली होती. खंजिरी पत्र्याच्या डब्यासारखी वाजली. इतकी वर्षं मनात जपलेला आवाज, तोही जाईल. "आता निदान आठोनीत तं बराबर वाजते." उठून आत गेले. जेवायलाही बाहेर आले नाहीत. गाडी अंगणात सोडली, किल्ली खिशात घातली. नवी गाडी परत घेतली.

ताई कोपऱ्यापर्यंत पोचवायला आली. तिथं म्हणाली, "मले काय ठाव नाई का? मी त्यायच्या समोर आल्याबिगर तोंडच उघडत नाई आता."

मी गाडी बंद केली. विचारलं, मग मला कशाला बोलावलं?

"मी नाई म्हनलं तं बायकोनं घरी बसवलं. पोरानं म्हनलं तं पोरानं. तू गाडीले नाई म्हनलं असतं तं त्यायनं मानलं असतं." पदरानं तोंड पुसलं. "आन् तू गाड्यावर गाड्या आनून राहिला."

नवी इतकी गुपचूप चालते. अमरावतीपर्यंत ताईचं बोलणंच ऐकत आलो.

३ डिसेंबर, बुधवार
दुकानात लक्ष नाही. एक जण जुनी-नवीची चौकशी करून गेला. काय सांगितलं आठवत नाही.

ताईला फोन केला. म्हणाली, भाऊजी वावरात पायी जातात. जुनीला हात लावत नाहीत. बाजार बंद. अंगणातल्या गाडीवर गोणपाट टाकून ठेवलं आहे, पाण्यापावसाचे दिवस नाहीत तरी.

आता गाडी चालवू नका, हे फोन करून म्हणता येणार नाही. कारण त्यांना फोन ऐकू येत नाही. समोर जाऊनच म्हणावं लागेल.

८ डिसेंबर, सोमवार. अचलपूर
ताईकडून भाऊजींचा निरोप आला, त्याले म्हना किल्ली घेऊन ये. सकाळच्या एसटीनं पोचलो. नाही म्हणायचं ठरवूनच निघालो होतो.

भाऊजी धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसलेले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, उद्या अकोल्याला येतो, कान दाखवतो. पण एसटीनं नाही, गाडीवर. "मी चालवतो. तू मांगं बस. तुह्ये कान तिखट हायेत. कोनी मांगून आलं का खांद्यावर थाप दे. इकून आलं तं इकून, तिकून आलं तं तिकून."

ताई दारात. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली दिली. म्हटलं, आधी वावरापर्यंत जाऊन पाहू.

बटण दाबलं. टाकीवर तळहात ठेवला, पाय लोखंडावर ठेवला. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. पुन्हा बटण दाबलं नाही. गेर अगदी वेळेवर.

मी थापा देत होतो. उजवीकडून ट्रॅक्टर. उजवीकडून एसटी. डावीकडून सायकलची घंटी. मागे कोणीतरी कोणाला हाक मारतं आहे, ती आपली नव्हे. एवढे आवाज असतात रस्त्यावर, आणि मी आजवर फक्त इंजिनं ऐकली. प्रत्येक थापेला भाऊजी मान हलवत. चांगलं जमलं आहे असं वाटलं.

नदीच्या वळणाआधी उजवीकडून एक गाडी अगदी हँडलला हँडल लावून पुढे गेली. नवी. तीच, मी त्यांना दिली होती ती जात. मला अजिबात ऐकू आली नाही. आमचं हँडल थोडं हललं, भाऊजींनी सावरलं.

पुढे जाऊन गाडी उभी केली. मागे वळून पाहिलं माझ्याकडे.

"थाप नाई देल्ली तू."

"मले आयकू नाई आली भाऊजी."

माझ्या ओठांकडे पाहत राहिले. समजलं नाही वाटून मी पुन्हा म्हणणार होतो. त्यांनी हातानं थांबवलं.

घरी आलो. ताईनं पिठलं-भाकर वाढली. उद्या सकाळी कशानं निघायचं ते अजून ठरलेलं नाही. अकोल्याला जायचं मात्र ठरलं. त्यांनी नीलेशला कळवायला सांगितलं, म्हणजे मलाच. काय कळवू विचारलं तर म्हणाले, बाबा येऊन राहिले म्हन.

एवढंच? तर म्हणाले, बाकीचं त्याच्या समोर बसून सांगीन.

किल्ली भाऊजींच्या बंडीच्या खिशात आहे. मी मागितली नाही.