लाडीची उजवी बाजू

धाकट्यास थोरल्याचे अनेक आशीर्वाद.

हे आशीर्वाद तुझ्यापर्यंत पोहोचायला चार वर्षे लागली, यात टपालवाल्यांचा दोष नाही. ते मी आजच पाठवीत आहे. तुझी प्रकृती ठीक असावी. गुडघ्याचे दुखणे कुठवर आले आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीचे जिने तू कसे चढतोस, हे कळवावे. येथे माझी दृष्टी मंदावली आहे, पण पोथी मुखोद्गत असल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात आलेले नाही (अधूनमधून माझ्याकडून दोन पाने एकदम उलटली जातात, आणि श्रोत्यांना ते आवडते असे दिसते). तुझी वहिनी माझ्यावर पूर्वीइतकीच नाराज असते, म्हणजे तिचेही बरे चालले आहे.

लिहिण्याचे निमित्त तुझी घोडी. चार वर्षांपूर्वी बाहेरच्या खोलीत माझे निरूपण ऐन रंगात आले असताना तबेल्यातून तुझे ते गाणे ऐकू आले, आणि त्याचे तिसरे कडवे माझ्या नाकाविषयी आहे हे साठ श्रोत्यांना माझ्या आधी कळले. त्या संध्याकाळी मी तुला जे बोललो त्याची येथे उजळणी करीत नाही. माझा एकही शब्द जन्मात मनावर न घेणाऱ्या तू नेमका तोच तेवढा मनावर घेतलास आणि घर सोडलेस. लाडी मागे राहिली, कारण घोडी जिने चढत नाही. मला वाटले, ज्याने आयुष्यभर इंद्रियनिग्रहावर निरूपण केले त्याला एक जनावर सांभाळणे काय कठीण आहे? शास्त्रकारांनी इंद्रियांना घोड्यांची उपमा दिली आहे, आणि ती वाचताना मी नेहमी मान डोलावीत असे. आता माझी खात्री झाली आहे की त्यांच्यापैकी एकानेही स्वतःच्या हाताने घोड्याला खरारा केलेला नव्हता. केला असता, तर इंद्रियांविषयी त्यांनी इतक्या आशेने लिहिले नसते.

पहिल्याच वर्षी थंडीच्या तोंडावर तिच्या अंगावर दाट, राठ केस येऊ लागले. हा अस्वच्छतेचा विकार समजून मी तिला साबण लावून दोन बादल्या गार पाण्याने न्हाऊ घातले. ती तीन दिवस कापत उभी होती, आणि माझी नवी शाल तिच्या पाठीवर गेली ती आजतागायत परत आलेली नाही. तुझ्या वहिनीने विचारले, “अहो, थंडीत जनावराला केस येणारच. तुम्ही लोकर पांघरता ती आधी कुणाच्या अंगावर असते?” थंडी सरली की तेच केस झडतात, हेही मला अनुभवाने कळले. खरारा गोल फिरवावा आणि नंतर ब्रश केसांच्या कलाने ओढावा, इतके तुला पाहून मला ठाऊक होते; पण वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभे राहावे हे मी कधी पाहिले नव्हते. शिवाय मी स्तोत्र म्हणत होतो, आणि स्तोत्र म्हणायला तोंड उघडावे लागते. तसाच, केसांनी माखलेला, मी आसनावर जाऊन बसलो. त्या दिवशीचा विषय देहाची नश्वरता हा होता. पुढची रांग आरंभापासून समारोपापर्यंत शिंकत होती. एका वृद्ध गृहस्थांनी शेवटी डोळे पुसले ते भक्तीने, असे मी अजूनही मानतो.

आयाळीला मात्र मला हात लावता आलेला नाही. मी जवळ गेलो की ती मान फिरवते. तिचे चित्त शांत व्हावे म्हणून मी एकामागून एक दहा स्तोत्रे म्हणून पाहिली. तिसऱ्या श्लोकाला तिचे कान मागे जातात आणि पाचव्याला ती दंडाला चावते. (फलश्रुतीपर्यंत आम्ही एकदाही पोहोचलेलो नाही.) यावर तुझ्या वहिनीचे म्हणणे असे की, “तुमच्या श्रोत्यांसारखी बसल्या जागी झोपायची सवय नाही तिला. ती ऐकते, म्हणून चावते.”

आता मुख्य गोष्ट, जी लिहिताना लेखणी जड होते. या वर्षी थंडी सरून सहा आठवडे लोटले तरी लाडीचा एकही केस गळला नाही. मी रोज खरारा करी आणि तो रिकामा निघे. मला याचा आनंद झाला. मला वाटले, चार वर्षे सकाळ-संध्याकाळ कानावर पडलेल्या पाठाचे हे फळ आहे. ऋतू येतात, जातात, पण हिला ते स्पर्श करीत नाहीत. ही थंडीत जशी होती तशीच उन्हात आहे. हे मी मनात ठेवले असते तरी चालले असते. मी ते आसनावरून सांगितले. माणसाने स्थिर कसे असावे, याचे उदाहरण म्हणून सलग चार दिवस सांगितले. दोन श्रोते हात जोडून तिला पाहायला तबेल्यात आले. तिने त्यांच्याकडे पाठ केली, तीही आम्ही विरक्तीच समजलो.

नंतर तिचे दात तपासायला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तिच्या केसांत बोटे घातली आणि ती ओली बाहेर काढली. “आजोबा, केस कधीपासून गळत नाहीयेत?” मी त्यांना स्थिरतेचे ते सारे विवेचन ऐकवले. हात धुऊन होईपर्यंत त्यांनी ते ऐकून घेतले, आणि मग त्या म्हणाल्या की हा म्हातारपणाचा आजार आहे. घोडी आतून घामाने भिजते आहे आणि उभ्या उभ्या खंगते आहे. येत्या पंधरा दिवसांत, ऊन कडक व्हायच्या आत, हे केस मुळापासून कातरले नाहीत तर तिचे हृदय उन्हाळा काढणार नाही. गुंगीचे औषध दिले तर ती पुन्हा उठायची नाही; म्हणून तिला शुद्धीवर, आपल्या पायांवर उभे राहूनच कातरून घ्यावे लागेल. “कुणाजवळ शांत उभी राहते का ही?” असे त्यांनी विचारले. मी दंडावरचे दातांचे वळ उपरण्याने झाकले. स्वयंपाकघराच्या दारातून तुझी वहिनी म्हणाली, “होते एक जण.”

तेव्हा घोडी तुझी आहे आणि तिची ही अवस्था तुला कळवणे माझे कर्तव्य होते, ते मी केले. मला तुझ्याकडून दुसरे काहीही नको आहे. गुडघ्याला जपावे.

तुझा थोरला भाऊ

ता. क. वर सांगायचे राहिले की डावी बाजू कातरून झाली आहे. बाई केस कातरायचे यंत्र ठेवून गेल्या होत्या. काल सकाळी मी ते घेऊन उभा होतो आणि लाडी माझ्याकडे पाहत होती, तेवढ्यात तुझी वहिनी पदराला हात पुसत आली आणि तिच्या मानेशी उभी राहून तुझ्या त्या गाण्याचे पहिले कडवे म्हणू लागली. तेहतीस वर्षांच्या संसारात या बाईला मी स्तोत्रापलीकडे काही गुणगुणताना ऐकले नव्हते. दोन कडवी तिला पाठ आहेत, अगदी हरकतींसह. लाडीने मान खाली घातली आणि कान सैल सोडले. तीच दोन कडवी आळीपाळीने दुपारपर्यंत चालली आणि मी कातरत गेलो. केस पायांशी गादीसारखे साचले. केसांखालची घोडी फार लहान निघाली, धाकट्या. बरगड्या मोजता येतात.

ता. क. दुसरे. आयाळ उजवीकडे पडते. ती उचलल्याशिवाय तिच्याखालची मान कातरता येत नाही, आणि तिथेच सर्वांत जास्त घाम आहे. आयाळीला हात लागताच ती मागच्या पायांवर उभी राहिली. वहिनी म्हणते, “आयाळ भावोजी तिसऱ्या कडव्याला धरायचे. ती त्या कडव्याची वाट बघतेय.” तिसरे कडवे म्हणायला मात्र ती तयार नाही, नवऱ्याविषयी असले काही आपण तोंडाने काढणार नाही, म्हणते (ते खरे असले तरी, असेही म्हणाली). मग मी स्वतःच माझ्या नाकावर चार ओळी रचून म्हटल्या. वृत्त निर्दोष होते. लाडी चावली.

ता. क. तिसरे. ते कडवे पत्राने पाठवू नकोस. चाल कागदावर उतरत नाही, आणि पंधरापैकी दोन दिवस आजच संपले. नाकाविषयीच्या शब्दांत काही फेरफार करू नकोस. मी आरसा पाहिला आहे. निरूपणाची वेळ पूर्वीचीच आहे आणि खोलीचे दार तबेल्याकडे उघडे असेल. श्रोते बसलेले असले तरी मोठ्याने म्हण.