हात वर केला म्हणून

साक्री, मंगळवार संध्याकाळ

मीनलनं रूपालीचं कप्तानपद काढलं, त्या क्षणी माझ्यासाठी सगळं बदललं. काय चुकलं पोरीचं? धुळ्याच्या कबड्डी सामन्यात चढाई करणारीचा हात हिच्या पायाला लागला. पंचांना दिसलं नाही. हिनं आपणहून हात वर केला आणि बाहेर गेली. एका गुणानं हरलो.

"लागना व्हता ना भाऊ. मंग खोटं बोलू का?" मलाच विचारत होती.

शाळेच्या भिंतीवर रंगवलंय, खेळातून चारित्र्य घडतं. घडलं, तर शिक्षा? नववीतली पोर हात वर करते आणि आपण मोठे... शी!

मीनल तिथली क्रीडाशिक्षिका. तिच्यासाठीच तर मी रोज फुकट सराव घ्यायला जातो. आज खेळाच्या खोलीत तिच्याशीच भांडलो.

"कप्ताननं संघ जिंकवायचा असतो," ती म्हणाली. "कॉलेज अर्धवट सोडणाऱ्यानं मला शिकवू नये."

झोंबलं. तरी बघत होतो तिच्याकडेच, मूर्खासारखा.

"रूपाली कप्तान नाही, तर मीही नाही."

"नाटकं नको करू. उद्या येशील ना?" आवाज एकदम मऊ.

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. शिट्टी टेबलावर आपटली, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.