करंजी घाटाखाली उभ्या असलेल्या माझ्या चालत्या घराची व्यवस्था

मी, सुमंत वासुदेव टाकळकर, वय पन्नाशीला टेकलेले, धंदा पुण्याच्या एका दैनिकाचा नगर जिल्ह्याचा बातमीदार, कायमचा पत्ता आनंदी बाजार, नगर, सध्याचा पत्ता चार चाके, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. मला कोणी धाक घातलेला नाही. घातला तो करंजीच्या घाटाने, पण तो माझ्या वारसांपैकी नव्हे. बुद्धी ठिकाणावर आहे. हात मात्र परवापासून कापतो आहे, तेव्हा अक्षर वाकडे दिसल्यास कोणी त्याचा कोर्टात फायदा घेऊ नये.

आनंदी बाजारातील घर वडिलार्जित व अविभक्त असल्याने मला ते मृत्युपत्राने देता येत नाही, असे वकील सांगतात. ज्या घरात मोठा झालो ते माझे नाही आणि जे लिलावात घेतले ते माझे, असा हा न्याय आहे. पाठशाळेत मी न्यायशास्त्र शिकलो, पण हा भाग तिथे नव्हता.

माझ्या स्वकष्टार्जित घराचे वर्णन असे. लढाई संपल्यावर नगरच्या छावणीत जुन्या गाड्यांचे लिलाव झाले, त्यात मी एक फौजी अँब्युलन्स घेतली. आत झोपायला फळ्या, स्टोव्हला पत्रा ठोकलेला कट्टा, देवांना कोनाडा. बातमीसाठी पारनेर ते शेवगाव हिंडायचे, तर बिऱ्हाड पाठीवर असलेले बरे. वडील बंधू दत्तोपंत यांनी तिचे नाव ‘फिरती तिरडी’ ठेवले. पत्नी नीलांबरी हिने नाव ठेवले नाही. तिने दाराला तोरण बांधले.

गाडी बंद पडणे याला आम्ही संकट मानत नाही. भाळवणीच्या चढाला पाणी उकळले की उतरावे, चाकामागे दगड लावावेत आणि इंजिन निवेपर्यंत त्याच्या झाकणाला हात लावू नये. तेवढ्यात नीलांबरीचे पोहे होतात. शेवगावच्या रस्त्याला टायर फुटले तेव्हा तिने बाभळीखाली पापड लाटून वाळत घातले. टायर जोडून झाले, पापड ओलेच होते, म्हणून आम्ही थांबलो. हे इथे लिहिण्याचे कारण, पुढील मालकास वाटेत काय करावे हे ठाऊक असावे.

आता परवाची हकीकत, कारण तिच्याशिवाय या कागदाला अर्थ नाही.

गाडी घेतली तेव्हा तिची वाहन म्हणून पूजा करावी की घर म्हणून वास्तुशांत, असा प्रश्न पडला. मी आणि आमचे पुरोहित नृसिंहशास्त्री दोन दिवस वाद घालून वास्तुशांतीवर आलो. वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पालथी पुरतात. पण घरच वळत असेल तर आग्नेय कुठली? शास्त्रीबुवा म्हणाले, “गाडीचं तोंड पूर्वेला करा, मग बघू.” केले. आग्नेय निघाली पुढचा उजवा कोपरा, म्हणजे चालकाच्या पायाखाली. दोघेही संतुष्ट झालो. प्रतिमा तांब्याच्या डबीत घालून तिथल्या फळीखाली बसवली. त्या कोपऱ्यात ब्रेकही राहतो, हे दोन पंडितांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

परवा करंजीचा घाट उतरताना हादऱ्यांनी फळी उचकली आणि डबी घरंगळत ब्रेकखाली जाऊन बसली. मी पाय दाबतो, ब्रेक दबत नाही. उजवीकडे दरी. मी ओरडलो, “अगं, दार उघड आणि उडी मार!”

मागून तितक्याच जोरात उत्तर आले, “घरातून कुणी उडी मारतं का? आणि मांडीवर दुधाचं पातेलं आहे!”

घाट संपला, रस्ता सपाट झाला, मी गाडी शेतात घातली आणि ती भीमा अकोलकर यांच्या कडब्याच्या गंजीत छातीपर्यंत शिरून थांबली. भीमा धावत आले आणि म्हणाले, “पंत, घुसायच्या आदी इचारायचं तरी हुतं!” त्यांची बायको छबूबाई आत डोकावून म्हणाली, “बाई, लागलं का कुटं? दूद सांडलं?” नीलांबरीने पातेले दाखवले. निम्मे होते. तिने सगळ्यांना चहा केला. माझी कपबशी वाजत होती, तिची नाही.

काल दत्तोपंत शास्त्रीबुवांना घेऊन सर्व्हिस मोटारीने आले. डबी पाहून हसले, मग गंभीर होऊन म्हणाले, “सुमंता, घाल ही भंगारात. तुझं काही बरंवाईट झालं तर तुझ्या बायकोला माजघरामागची खोली आहेच. सैपाकाला एक हात होईल.” ते हे प्रेमाने म्हणाले, हेच भयंकर. बाहेर भांडी घासण्याचा आवाज थांबला आणि बराच वेळ पुन्हा सुरू झाला नाही.

घाटातल्यापेक्षा मी तेव्हा जास्त हादरलो. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच माजघरात वाकून होती. उडी का मारली नाही, ते मला त्या शांततेत कळले. सबब व्यवस्था पुढीलप्रमाणे.

एक. सदर गाडी, आतील सामान, स्टोव्ह, जॅक, पाने व तोरणासह, माझ्या पश्चात नीलांबरीच्या पूर्ण मालकीची. विकणे, ठेवणे, रंगवणे, सर्व तिच्या मर्जीने. पोस्टातील शिल्लकही तिची.

दोन. डबी नृसिंहशास्त्री यांस. ती त्यांनी आपल्या स्वयंपाकघराच्या आग्नेयेस पुरावी. तिथे ब्रेक नाही.

तीन. माझे तर्कसंग्रहाचे ग्रंथ दत्तोपंतांस. न वाचल्यास हरकत नाही, पण उशाला घेऊ नयेत. ‘तिरडी’ हा शब्द त्यांनी मागे घ्यावा. न घेतल्यास ग्रंथ वाळवीस.

चार. भीमा यांनी विहिरीजवळ बांधालगत जागा देऊ केली आहे. “ऱ्हाऊ द्या बाईंस्नी. आमची छबू हाय सोबतीला.” सबब माझ्या मागे गाडी तिथे उभी करून, चाके काढून, खाली दगडी जोते बांधावे, म्हणजे ते पक्के घर होईल.

चौथे कलम रद्द. हा मजकूर नीलांबरीला वाचून दाखवला, तेव्हा तिने इथेच अडवले.

“चाकं कशाला काढता?”

“म्हणजे घर स्थिर होईल.”

“स्थिर घरातून मला कुणीही उचलून नेईल. भावोजी येतील, बैलगाडी आणतील आणि रडत रडत नेतील. चाकं असू द्या. मला नकोसं झालं की मीच निघेन.”

“तुला चालवता येते का?”

“तुम्हाला तरी कुठं येते? परवा पाहिलं ना.”

यावर शास्त्राधार सापडला नाही. सबब दुरुस्त कलम चार: चाके गाडीलाच राहतील, ती कोणीही कधीही काढणार नाही, बंधू असो वा कोर्टाचा बेलीफ. बांधावरची जागा भीमांच्या मर्जीने व तिच्या इच्छेने.

चालवण्याचा परवाना काढायला नगरला जावे लागेल. तिथवर गाडी कोण नेणार, याचाही निर्णय तिने दिला आहे. उद्या सकाळी ती चालकाच्या जागी बसणार, मी शेजारी, आणि समोर घाटाचा चढ. म्हणून सही उद्यावर न ठेवता आजच करतो.

सुमंत वासुदेव टाकळकर
(सही)

वरील सही आमच्या समक्ष झाली. लिहून देणार शुद्धीवर होते, मात्र घाबरलेले होते.

साक्षीदार:
१. नृसिंहशास्त्री, पुरोहित, नगर. डबी आत्ताच घेण्यास तयार आहे. (सही)
२. भीमा धोंडीबा अकोलकर, शेती, करंजी. (निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम करंजी, जिल्हा अहमदनगर
फाल्गुन शुद्ध एकादशी, शके १८६८, व्यय नाम संवत्सर
दिनांक ३ मार्च १९४७