खंडेनवमीचं कुंकू

शारजा,
ऑक्टोबर २०११

प्रिय मैथिली,

हे पाकीट तुला आमच्या शेजारची दर्शना आणून देईल, ती दिवाळीला पुण्याला येते आहे. ईमेल केली असती, पण घरात कॉम्प्युटर एकच आणि आम्ही दोघंही आपापली मेल त्यावर उघडी टाकून उठतो, त्यामुळे माझी शैलेंद्रला दिसतेच. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता एकदम इतकं सगळं, तेव्हा तुला वाटेल, हिला झालं तरी काय. सांगते, पण आधी थोडं भांडून घेऊ दे.

मला तुझा मत्सर वाटायचा. वाटायचा कसला, अजून वाटतो. तू माझ्यापेक्षा दिसायला बरी आहेस म्हणून नाही, तेवढं मी पोटात घातलं असतं. तुला जपानी वाचता येत होतं म्हणून. दुबई मेट्रोच्या कामावरचा तो जपानी इंजिनियर मायदेशी परत जाताना शैलेंद्रला आपली जुनी तलवार देऊन गेला, आणि तिच्यासोबत पुस्तकांची दोन खोकी. ही पुस्तकं म्हणजे तलवारींची कुळकथाच. मुठीत दडलेल्या लोखंडाचे ठसे, त्यावर कोरलेल्या कारागिरांच्या सह्या, आणि खाली मुंग्यांसारखी जपानी अक्षरं. आपली तलवार कुणाच्या हातची हे त्या पुस्तकांतूनच कळायचं होतं, आणि शैलेंद्रला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. अशा वेळी दुबईतच ऊद मेथाला एका हळदीकुंकवात मला तू भेटलीस. पुण्याची, जपानी कंपनीत दुभाषी, एकटी राहणारी. मीच तुला शुक्रवारच्या सुट्टीला जेवायला बोलावलं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

त्यानंतरचा प्रत्येक शुक्रवार तुमचा झाला. दुबई मरीनातल्या आमच्या त्या घरात दिवा कुठे ठेवायचा, पडदा किती ओढायचा, टेबलावर कोणतं कापड अंथरायचं, हे सगळं तलवारीच्या सोयीनं ठरू लागलं. तुम्ही गप्पा मारत, खिदळत बसला असतात ना, तर मी खुशाल चहा घेऊन मध्ये येऊन बसले असते. पण उघड्या पात्यासमोर बोलायचं नाही, तोंडातली वाफ लागली तरी पोलाद गंजतं, हा तुमचा नियम. मी स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता कान देऊन असायची आणि कानावर काही म्हणून पडायचं नाही. संशय घ्यायलासुद्धा बाईला काहीतरी ऐकू यावं लागतं. मग पातं म्यानात गेलं की एकदम दोघांना कंठ फुटायचा, धारेवरची ती धुकट रेघ कुठे लाटेसारखी जाते आणि कुठे तुटते यावर. एकदा शैलेंद्रनं मलाही बोलावलं, दिव्याकडे धरून बघ म्हणाला. मी खूप वेळ बघितलं. मला माझं नाक दिसलं.

तुमच्यात तसलं काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. असतं तर कडाकडा भांडता तरी आलं असतं. माझ्या नवऱ्याला जे दिसतं ते तुला दिसतं आणि मला दिसत नाही, यावर कोणाशी भांडायचं? पात्याला लावायच्या त्या तेलामुळे त्याच्या हातांना सदा लवंगेचा वास यायचा. लोक विचारायचे, दाढ दुखते का. मी हो म्हणायची.

आता ती खंडेनवमी आठव, तू गेलीस त्या वर्षीची. आमच्याकडे सासूबाईंच्या वेळेपासून त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडतात. मी विळी ठेवली, शैलेंद्रचा लॅपटॉप आणि गाडीची किल्ली ठेवली, आमच्या शार्दूलनं आपली क्रिकेटची बॅट आणून ठेवली. तलवारीची पूजा करायची तर पातं दिसायला हवं, म्हणून शैलेंद्रनं ती म्यानातून काढून ठेवली आणि बजावलं की फूलसुद्धा लांबून वाहायचं. तेवढ्यात त्याला ऑफिसचा फोन आला आणि तो बाल्कनीत गेला. मी निरांजन लावत होते. मान वर केली तर तू पळीतल्या पाण्यात बोट बुडवून कुंकवात टेकवलं होतंस आणि पात्याला लावत होतीस. एवढी पुस्तकं वाचलेली तू! पण पाटावर शस्त्र दिसलं की आपल्या बायकांचा हात आपोआप कुंकवाकडे जातो, त्याला पुस्तक काय करणार? दुसऱ्याच क्षणी तू जीभ चावलीस, पदरानं पुसलंस आणि आपण दोघी तोंडावर हात ठेवून हसलो. तुझ्याबरोबर मी मनापासून हसले ती बहुधा तेवढीच वेळ. शैलेंद्र आत आला तो पांढराफटक पडून. त्यांच्या टॉवरचं बांधकाम थांबलं होतं. त्यानं न बघताच तलवार म्यानात घातली.

पुढे तू दिवाळीला म्हणून पुण्याला गेलीस, आणि तुझ्या कंपनीनं इथलं ऑफिसच बंद केलं. तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. शैलेंद्रनं तलवार काढली तर पात्यावर मसुराच्या डाळीएवढा गंजाचा ठिपका. पोलादात चांगला उतरलेला. लग्न झाल्यापासून तो माझ्यावर इतका कधी ओरडला नव्हता. पूजा तुझी होती, अनू, एवढं सांगून ठेवलं होतं तुला, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मी तुझं नाव घेतलं नाही. त्यात तुझ्यावर उपकार करायचा हेतू मुळीच नव्हता. तुझं नाव ऐकलं असतं तर तो ओरडायचा थांबला असता, ‘असू दे, चुकून झालं असेल’ म्हणाला असता. ते मला बघवलं नसतं. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

मग शैलेंद्रची नोकरी गेली. मंदीत कर्जं थकलेली आसपासची माणसं गाड्या एअरपोर्टवर सोडून रातोरात पळत होती ते दिवस. मरीना सुटलं, आम्ही शारजात दोन खोल्यांत आलो, माझ्या शाळेच्या पगारावर. शैलेंद्रला वर्षभरानं काम मिळालं, तेही दुबईत, त्यामुळे निम्मा जीव रोज ट्रॅफिकमध्ये जातो. त्या वाईट वर्षात त्यानं तलवार विकायला काढली. याकूबभाई म्हणून जुन्या वस्तूंचे व्यापारी आहेत इथे, त्यांनी चांगलं गिऱ्हाईक आणलं. त्या माणसानं पातं दिव्याकडे धरलं, ठिपक्यापाशी थांबला आणि नकारार्थी मान हलवली. याकूबभाई म्हणाले, “खलास, भाभी.” ते दोघे गेले आणि मला शैलेंद्रकडे बघायची हिंमत होईना. तो टेबलाशी बसून राहिला आणि मग चक्क हसू लागला. कित्येक महिन्यांनी हसला. म्हणाला, “अनू, तुझ्या कुंकवानं वाचवलं गं हिला.”

त्याच वेळी सांगायला हवं होतं, असं तू म्हणशील. पण त्यानं माझा हात धरला होता, मैथिली. त्याच संध्याकाळी मला शेजारी बसवून त्यानं तलवार कशी धरायची ते शिकवलं. आता दर शुक्रवारी आम्ही बसतो, तुमच्यासारखेच. आणि मला दिसतं आता. ती रेघ, तिच्या आतले धुक्यासारखे पुंजके, सगळं दिसतं. तुझ्या पेन्सिलीच्या खुणा असलेली पुस्तकंही मी चाळते. जपानी येत नाही, पण सह्यांचे ठसे एकमेकांशी ताडून बघते आणि तू कुठे चुकली आहेस का ते शोधते. अजून एकदाही सापडली नाहीस, याचा राग येतो.

गेल्या महिन्यात याकूबभाईंनी एका जपानी पॉलिशवाल्याचा निरोप आणला. दगडावर घासून ठिपका काढून देतो म्हणाला. मला वाटलं, सुटले. पण शैलेंद्रनं साफ नकार दिला. “राहू दे, ते अनूच्या हातचं आहे,” असं याकूबभाईंसमोर म्हणाला. तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो ठिपका दाखवतो. शार्दूलनं त्याचं नाव ठेवलंय ‘ममाज डॉट’. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण माझ्याबद्दल काही सांगताना त्याचा चेहरा असा फुललेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

म्हणून लिहिते आहे. शैलेंद्रही दिवाळीला पुण्यात येतो आहे आणि भाऊबीज उरकून तुझ्याकडे येणार आहे, एका सहीचं त्याला अडलं आहे. तलवार आणणार नाही, फोटो आणेल. त्यात तो ठिपका असेल आणि पहिल्या पाच मिनिटांत तो तुला त्याची गोष्ट सांगेल. तू खरं बोलणारी. अहो, ते तर मीच लावलं होतं, असं पटकन म्हणशील आणि तुम्ही दोघं पोट धरून हसाल. त्याला रागसुद्धा येणार नाही. घरी परतल्यावर तो मला काही बोलणारही नाही, पण तो ठिपका तुझा झालेला असेल, आणि त्यानं तो पुसायचा नाही असं आधीच ठरवलेलं आहे. तुला तलवार वाचता येते, पुस्तकं वाचता येतात, तेवढं तुला पुरे. हे माझ्याकडे राहू दे. त्यानं फोटो पुढे केला की तू नीट बघ, आणि फक्त एवढंच विचार, “हे अनुपमानं लावलं ना?”

तुझीच,
अनुपमा