पहिल्या पाच मिनिटांतली बायको

फ्लॅट बुश, ऑकलंड
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

प्रिय सुरुचीवहिनी,

सप्रेम नमस्कार. शाळेच्या पत्त्यावर माझं पत्र बघून दचकली असशील. घरी पाठवलं असतं तर दादाने आधी फोडलं असतं, आणि मी फोन केला की इथे हरीशला कळतं. बाकी आम्ही मजेत, असं लिहायची हाताला सवयच झाली आहे. थंडी आहे, हीटर चालू आहे, माझ्या पायाचं प्लास्टर निघालं.

प्लास्टर होतं तेव्हा दुपारभर मी एक जुनी अमेरिकन मालिका बघायचे. सत्तरच्या दशकातली, गुप्तहेराची. तुला नाही आवडणार, कारण खुनी कोण ते सुरुवातीलाच दाखवून टाकतात. बहुतेक वेळा नवराच. बायको छान केस विंचरून येते, 'मला भीती वाटते' म्हणते आणि पाच मिनिटांत मरते. पुढे तासभर दोन पुरुष एकमेकांवर कुरघोडी करत बसतात. तिचा विषय निघालाच तर सगळे एकच सांगतात, फार हळवी होती हो, झोपेच्या गोळ्या घ्यायची. मी सोफ्यावरून त्या बायकांना शिव्या घालायचे. अगं, कुणाला तरी सांग ना.

म्हणून मी सांगितलं. जिन्यावरून माझा पाय घसरला नव्हता, हरीशने ढकललं होतं, हे मी जुलैत दादाला सांगितलं. दादाने काय करावं? थेट जावयाला फोन लावला. हरीशने तो स्पीकरवर ठेवला.

"हरीशराव, तिचं मनावर घेऊ नका. लहानपणापासून हळवी आहे ती. तुम्हीच समजून घ्या."

"अहो दादा, काळजी करू नका. ऑल गुड," हरीश म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला.

दादाच्या मनात वाईट नव्हतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. पण खरं सांगते वहिनी, मला हरीशपेक्षा त्याचाच जास्त राग आला आहे.

तेव्हापासून हरीश गोड वागतो. एकदाही आवाज चढवला नाही. सकाळचा चहा हातात आणून देतो. ज्या मालिकेला नावं ठेवायचा, ती आता रोज जेवताना माझ्याबरोबर बघतो. परवा मध्येच थांबवून म्हणाला, "इथे चुकला बघ हा नवरा. बायकोच्या माहेरचे तिच्या बाजूने होते." मग माझ्या वाटीत आमटी वाढता वाढता, "तुझ्या दादाला उद्या कुणी विचारलं, तर तो काय सांगेल गं?"

शनिवारी त्याने पश्चिम किनाऱ्यावरच्या कड्यावर फिरायला जायचं ठरवलं आहे. माझा पाय अजून नीट टेकतही नाही.

मी शुक्रवारी निघते आहे, तो ऑफिसला गेला की. समोरच्या दमयंतीबेन त्यांच्या गाडीतून आधी पोलिसांकडे नेतील. तिथून पुढे कुठे, ते तुलाही सांगत नाही. राग मानू नकोस.

हरीश दादाला फोन करून रडेल. छान रडतो तो. दादा विरघळेल आणि जे माहीत असेल ते सांगून टाकेल, माझ्याच भल्यासाठी. हे पत्र पोचेपर्यंत तुमच्याकडे गौरीसुद्धा जेवून गेल्या असतील आणि शुक्रवारी मी निघू शकले की नाही हे तुला कळलेलं असेल. निघू शकले नसेन, तर हे पत्र पोलिसांना दे. दादाच्या हातात देऊ नकोस.

शेवटी मोठ्यांना नमस्कार लिहायची आपली रीत आहे. दादाला माझा नमस्कार सांगू नकोस.

तुझी,
विभावरी