माफी वाटणीत नाही

मी, सीमंतिनी जसबीरसिंग, माहेरची मोघे, वय एकाहत्तर, राहणार पाटणकर बाजार, लश्कर, ग्वाल्हेर, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाविना स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टर हेमेंद्र यांनी तसं लेखी दिलं आहे. गुडघे गेलेत, पण त्यांचं इथे काही काम नाही. वकिलांनी दिलेल्या नमुन्यात "माझे पती दिल्लीतील दुर्दैवी घटनेत दिवंगत झाले" असं वाक्य होतं. ते मी खोडलं. माझ्या नवऱ्याला मारलं.

१. पुढचं सगळं यावर उभं आहे, म्हणून हे आधी. एक नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत, आमच्या दारासमोर, माझे पती जसबीरसिंग, सासरे आणि धाकटा दीर यांना केवळ शीख म्हणून जमावानं बाहेर ओढलं, सळयांनी मारलं आणि रॉकेल ओतून जाळलं. मी आणि माझी नणंद परमजीत शेजारच्या गच्चीवरून पाहत होतो. शेजारीणबाईंनी माझं तोंड दाबून धरलं होतं, म्हणून आज लिहायला उरले. प्रेतं ट्रकमध्ये घालून नेली. कुठे नेली ते आजवर कुणी सांगितलं नाही. आम्हाला मूठभर राखही मिळाली नाही.

२. घर. हे वरच्या मजल्याचं घर मी शिवणकामाच्या कमाईवर घेतलं. ते मी परमजीतला देते. अट एकच, पुढची मोठी खोली विकायची नाही आणि भाड्यानं द्यायची नाही. चौऱ्याऐंशीनंतर दिल्ली-कानपूर सोडून इकडे आलेल्या बायका दर एक नोव्हेंबरला तिथे बसतात. आधी अरदास, म्हणजे शिखांची प्रार्थना, होते. मग प्रत्येकीनं आपल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याला कसं मारलं ते सांगायचं. "वारले" म्हणायचं नाही, ही आमच्या खोलीची रीत. सतवंत कौर कितीतरी वर्षं नुसत्या मटार सोलत बसायच्या. एका वर्षी त्यांनी परात बाजूला सारली आणि मुलाचं नाव घेतलं. त्या दिवशी त्या पहिल्यांदा आमच्याबरोबर जेवल्या. माझा भाचा ध्रुव याला या खोलीत साड्यांचं गोदाम करायचं आहे. "आत्या, कब तक ये सब? आता पुढे बघायला पाहिजे ना," असं तो म्हणतो. त्यानं खुशाल पुढे बघावं. गोदाम दुसरीकडे शोधावं.

३. शिवणाच्या मशिनी ज्या बायका चालवतात त्यांच्याच. बँकेत जे असेल ते त्या दिवसाच्या जेवणाला. मोठी कात्री परमजीतची. ध्रुवच्या बायकोनं, गरिमानं, ती एकदा गिफ्टचा चमकीचा कागद कापायला नेली आणि धार घालवून आणली. हे मी विसरलेले नाही.

४. माझे थोरले बंधू लक्ष्मीकांत मोघे. माझ्या लग्नाला ते आले नव्हते, पण त्या नोव्हेंबरात जीव धोक्यात घालून मला आणि परमजीतला आणायला दिल्लीत आले. ते उपकार मी नाकारत नाही. पण ग्वाल्हेरला पोचल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की भावोजी अपघातात गेले. मी कोर्टात साक्षीला निघाले तर म्हणाले, घरात लग्नाच्या मुली आहेत, कशाला नाव पेपरात आणतेस. मी परमजीतला घेऊन गेले. जमावाला आमचं दार हातानं दाखवणारा दूधवाला सुटला, आणि बाहेर आल्यावर मलाच विचारतो, तब्येत कशी आहे!

आम्ही भिक्षुकाच्या घरची मुलं. शस्त्रानं मारलेल्याचं श्राद्ध पितृपक्षात चतुर्दशीला करतात, हे आम्हाला मुंजीच्या वयापासून ठाऊक. दादा माझ्या नवऱ्याला दुसऱ्या दिवशी, सर्वपित्री अमावास्येला पाणी देतात. ज्यांची तिथी माहीत नाही अशांच्या रांगेत! चतुर्दशीला दिलं तर शेजारचे विचारतील, यांना कुणी मारलं? तेवढं टाळायला एक दिवस पुढे. दादा, एवढं शास्त्र शिकून तुम्ही हे केलंत. माझ्या जिवाला हे त्या सळयांइतकं लागलं आहे. तर माझ्यामागे चतुर्दशीला त्यांचं नाव घ्यायची छाती असेल तर घ्या, नाहीतर तुमच्या अमावास्येतून त्यांना मोकळं करा. आमच्या अरदाशीत ते नीट आहेत.

५. माफी. ही माझ्या एकटीची मिळकत आहे. मारणारे, दार दाखवणारा, ट्रक हाकणारे, आणि सगळं ठाऊक असून "दंगल" म्हणणारे, यांपैकी कुणालाही मी ती देत नाही. वारसांनीही ती परस्पर वाटू नये. "शेवटी शेवटी सीमूनं मन मोठं केलं होतं" असं माझ्या तेराव्याला कुणी बोललं, तर परमजीतनं त्याच्यापुढचं ताट उचलावं.

६. मला बहुधा म्हातारपणानं मरण येईल. तसंच लिहा. जे झालं ते लिहिण्यापलीकडे मी कुणाकडे काही मागितलेलं नाही.

ठिकाण : लश्कर, ग्वाल्हेर. दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५.

लिहिणार : सीमंतिनी जसबीरसिंग

साक्षीदार पहिले : डॉ. हेमेंद्र राजवाडे, इंदरगंज.

साक्षीदार दुसरे : इथे दादांची सही घ्यायची होती. ते आले, चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "'मारलं' तेवढं काढ सीमू, लगेच सही करतो." मी म्हटलं, राहू दे. ते जिना उतरून गेले. वहिनी त्यांच्याबरोबर आल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. पन्नास वर्षांत त्यांच्याशिवाय कुठे न गेलेल्या वहिनींनी पेन मागितलं आणि म्हणाल्या, "चतुर्दशीचा स्वयंपाक मी दरवर्षी मनात करते." मग सही केली.

सौ. विमल लक्ष्मीकांत मोघे.